सतरा नंबरची वही

सोमवारी सकाळी न्यूझीलंडच्या डॉक्टर मॅरिअनबाईंनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि हसत म्हणाल्या, "पिसिला, तुमच्या ववाऊ बेटावरच्या पुरुषांची आतडी जगात एक नंबर आहेत. अभिनंदन!"

पिसिला हसली नाही. गेली तेवीस वर्षं ती या इस्पितळात नर्स होती, आणि बाई कधी टोमणा मारतात ते तिला बरोबर कळायचं.

हा अभ्यास खरं तर तिचाच. दरवर्षी एक-दोन माणसं पोट तट्ट फुगून इस्पितळात यायची, त्यातलं एखादं परत घरी जायचंच नाही, आणि चौकशी केली की कळायचं, वीस-वीस वर्षं कोठा जड होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं. जुन्या बद्धकोष्ठाने आतड्याचं नेमकं काय होतं ते एकदा नीट मोजून बघू या, म्हणून तिने तीन वर्षं पत्रं लिहिली, अर्ज केले, तेव्हा कुठे मॅरिअनबाई आणि त्यांचं यंत्र बेटावर आलं. साठ माणसांनी नावं दिली. प्रत्येकाने एक कॅप्सूल गिळायची, तिच्यात चोवीस बारीक कड्या. पाच दिवस वही लिहायची. वहीत सात चित्रं छापलेली: पहिलं लेंड्यांचं, सातवं निव्वळ पाण्याचं, आणि मधलं चौथं म्हणजे देवाने प्रत्येकाला द्यावं असं. रोज झालं का, आणि कोणत्या चित्रासारखं, एवढंच लिहायचं. सहाव्या दिवशी एक्स-रे. कड्या बाहेर पडल्या असतील तर आतडं चालतंय, आत असतील तर नाही.

बायकांनी प्रामाणिकपणे लिहिलं. काहींनी तर समासात नवऱ्याच्या तक्रारीही लिहिल्या. पण बारा पुरुषांच्या वह्यांमध्ये पाचही दिवस एकच आकडा होता. चार, चार, चार, चार, चार.

"कोठा जड आहे म्हणून नाव दिलं ना यांनी?" मॅरिअनबाई म्हणाल्या. "मग ही रोज सकाळची दिवाळी कसली?"

अर्थात दिवाळी हा शब्द माझा. बाई नाताळ म्हणाल्या होत्या.

पिसिलाने गठ्ठा ओढला. वहीवर नाव नव्हतं, नुसता नंबर आणि गाव. बाराच्या बारा वह्या तिच्या गावच्या. तिने कपाळावर हात मारला.

ववाऊवर चुलत, मावस, आते, मामे असा हिशेब नसतो. भाऊ तो भाऊ. आणि मोठी झालेली बहीण खोलीत आली की भाऊ उठतो. टीव्हीवर कुणी कुणाचा मुका घेतला तर दोघांपैकी एक जण पाणी प्यायला जातो. बहिणीसमोर पोटाखालचा विषय काढण्यापेक्षा माणूस समुद्रात उडी मारेल. हे पिसिलाला शिकवायला नको होतं. म्हणून तर तिने पुरुषांचं सगळं काम मोसेसेकडे दिलं होतं. मोसेसे पन्नाशीचा, जाडजूड, कावा, म्हणजे मुळांचं गुंगी आणणारं पेय, प्यायला बसला की सगळ्यांच्या पोटातलं काढून घेणारा वॉर्ड-नर्स. त्यानेच नावं गोळा केली, त्यानेच कॅप्सुली गिळायला लावल्या. पिसिला फक्त वह्या वाचणार होती. कागद म्हणजे काही बोलणं नव्हे, असं तिला वाटलं होतं. गावातल्या पुरुषांना तसं वाटलं नव्हतं. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात. इथे तर वही तपासायला साक्षात बहीण बसलेली.

"चूक माझीच," ती म्हणाली. "मला कळायला हवं होतं."

"ते राहू दे. आधी हे बघ." मॅरिअनबाईंनी एक एक्स-रे उजेडात धरला. त्यांचा आवाज बदलला होता. "सतरा नंबर. वहीत पाच वेळा चार. आणि आत बघ. चोवीसच्या चोवीस कड्या जागच्या जागी. शेवटचा भाग केवढा रुंद झालाय."

पिसिलाने पोट पाहिलंच नाही. तिची नजर खाली गेली, डाव्या खुब्यात. तिथे एक पट्टी होती आणि पट्टीला पाच स्क्रू.

ते पाच स्क्रू तिच्या लग्नाचे होते. लग्नाच्या आदल्या दिवशी शहाळी कमी पडतील म्हणून तिचा थोरला भाऊ फेलेती पावसात नारळावर चढला आणि वरून खाली आला. तो मुख्य बेटावरच्या इस्पितळात खुब्यात पट्टी ठोकून घेत होता आणि इकडे ती लग्नात रडत होती. लोकांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडतेय.

"काय होईल त्याला?" तिने विचारलं. सतरा नंबर कोण, हे ती बोलली नाही. नावं न घेण्याचा नियम तिनेच केला होता.

"हे आजचं नाही," मॅरिअनबाई म्हणाल्या. "लहानपणापासून रोखून धरायची सवय असते काहींना. रोखलं की आतडं ताणतं. ताणलं की भरल्याचं त्याला कळेनासं होतं. कळत नाही म्हणून आणखी भरतं. मग त्या घट्ट गोळ्याच्या कडेने पातळ झिरपायला लागतं, आणि माणसाला वाटतं, आपल्याला जुलाब होतायत. यातच एखाद्या दिवशी आतडं फुटतं. इथे सर्जन नाही. मी शुक्रवारी दुपारच्या विमानाने जाणार. त्याच्या आत तो आला पाहिजे, पिसिला."

मोसेसे त्याच दिवशी फेलेतीच्या शेतावर गेला आणि हात हलवत परत आला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, माझं पोट दगडासारखं आहे. मी म्हटलं, तेच तर आम्ही म्हणतोय. तर कोयता घेऊन रताळ्यांत शिरला."

मॅरिअनबाईंचा पारा चढला. "अगं, तू ओळखतेस ना त्याला? चेहऱ्यावरून कळतंय मला. कोण आहे?"

पिसिलाने एक्स-रे पाकिटात सरकवला.

"भाऊ आहे? मग विचार की सरळ जाऊन!"

"भाऊ आहे म्हणून तर," पिसिला म्हणाली.

मंगळवारी फेलेती शेतावर गेल्याचं बघून ती त्याच्या घरी गेली. भावजयीशी बोलायला कुणाची आडकाठी नसते. विका अंगणात नारळ खवत बसली होती, आणि खवणीवर राग काढत होती.

"बरं झालं वन्सं, तुम्हीच आलात. मी येणारच होते. तुमच्या भावाने बाहेर कुणीतरी धरलीय."

"काय धरलीय?"

"बाई! दुसरं काय धरतात?" विकाने डोळ्याला पदर लावावा तसा ओल्या हाताचा मागचा भाग लावला. "पहाटे उठून आपल्या कमरेचा तुपेनू आपण धुतात. तीस वर्षांत या माणसाने कप विसळला नाही, वन्सं! कुठे लांब जायचं म्हटलं की नको म्हणतात. चर्चमध्ये कायम पुढे उभं राहून गाणारा माणूस, हल्ली अगदी मागे, दाराशी उभा राहतो. परवा रविवारी मी लू केला, नारळाच्या दुधातला, खाऱ्या मांसाचा. पानांची पुरचुंडी सोडलीसुद्धा नाही त्यांनी. प्रेमात पडल्याशिवाय भूक अशी मरते होय?"

पिसिलाला हसूही आलं आणि रडूही. "वहिनी, दादा कुणाच्या प्रेमाबिमात नाही. त्याला पोट साफ होत नाही."

विकाचा हात खवणीवर थांबला. "एवढंच?" मग तिच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की पिसिलाला तिची दयाच आली. "पण मग दुकानातून आणून जुलाब थांबायच्या गोळ्या का खातात? आज दोन महिने झाले."

पिसिला विकाजवळ बसली आणि बाईंनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं, एक शब्द न गाळता. विकाने उठून गोळ्यांची बाटली डुकरांच्या उकिरड्यात फेकली आणि परत येऊन पिसिलाचा हात धरला.

"मी धाडते त्यांना. नाही गेले तर चुलीवरचं लाकूड आहे."

पण संध्याकाळी तिचा निरोप आला तो असा: दादा म्हणतात, तिथे पिसिला असते.

बुधवारी सकाळी पिसिलाने गणवेश घडी करून कपाटात ठेवला. मोसेसेला किल्ल्या दिल्या, पुरुषांच्या सगळ्या वह्या दिल्या. "आजपासून या तू वाचायच्या. मी कधीच नाही."

"आणि फुग्याची चाचणी?" मॅरिअनबाईंनी विचारलं. आतड्यात फुगा किती फुगल्यावर माणसाला जाणवतं ते मोजणारं ते यंत्र. त्याच्यासाठी तर पिसिलाने तीन वर्षं पत्रं लिहिली होती. "तीनच दिवस राहिलेत. तुझं काम आहे हे."

"माझं काम आता धक्क्यावर आहे," पिसिला म्हणाली.

धक्क्याजवळच्या बाजारात, जिथे सगळ्या बेटाची ये-जा, तिथे तिने चटई अंथरली, केवड्याच्या वाळलेल्या पात्यांचा भारा सोडला आणि विणायला बसली. मासळीवाल्या बायकांनी विचारलं, "सुट्टी का गं?" ती मोठ्याने म्हणाली, "हो, शुक्रवारपर्यंत. इस्पितळाचं तोंडही बघणार नाही." बेटावर याहून मोठी दवंडी पिटायची सोय नाही. अर्ध्या तासात ही बातमी फेलेतीच्या शेतावर पोचली असणार.

इस्पितळ वर टेकाडावर, तिथला रस्ता धक्क्यावरून सरळ दिसतो. पिसिला त्याच्याकडे पाठ करून बसली. बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

बुधवार गेला. फेलेती आला नाही.

गुरुवारी दुपारी विका धापा टाकत आली. "गेले होते, वन्सं! मी लपत लपत मागे होते. चांगला शर्ट घातला, कंबरेला चटई बांधली, चर्चला निघाल्यासारखे. इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेले. आणि तिथे नीरफणसाखाली तुमची ती हिरवी गाडी दिसली त्यांना. झालं. उभे राहिले, गाडीकडे बघितलं आणि वळले."

"अगं, ती महिनाभर बंद आहे! बॅटरी गेलीय तिची."

"ते त्यांना काय ठाऊक? म्हणाले, पिसिला आत आहे. वर मला म्हणाले, मी कोयता विसरलो होतो म्हणून गेलो होतो."

पिसिलाच्या हातातलं पातं निसटलं.

कोयता. तिला त्यांचं जुनं घर दिसलं. मागच्या बाजूला पत्र्याचा संडास, त्याच्याकडे जाणारी एकच पायवाट, आणि त्या वाटेच्या तोंडाशी, सावली चांगली म्हणून, आईने अंथरलेली चटई. ती आणि आई तिथे दिवसदिवस विणत बसायच्या. चौदा-पंधरा वर्षांचा फेलेती शेताकडून यायचा, नीरफणसाच्या कोपऱ्यापर्यंत, तिला बघायचा, आणि वळायचा. आई ओरडून विचारायची, "काय हवं होतं रे?" तो म्हणायचा, "कोयता विसरलो." दिवसातून तीन-तीनदा. पिसिला खिदळायची. सगळ्या मैत्रिणींना सांगायची, आमचा दादा असा विसरभोळा आहे म्हणून. ती आत जाईपर्यंत तो यायचा नाही, आणि कधी कधी तर ती अंधार पडेपर्यंत आत जायची नाही, कारण चटई संपवायची असायची.

रोखून धरायची सवय, मॅरिअनबाई म्हणाल्या होत्या. लहानपणापासून.

तीन वर्षं पत्रं लिहून ती साठ माणसांच्या आतड्यांत ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत होती, त्यातलं एक उत्तर तिच्याच चटईखाली दडलं होतं. दादाने तिचा मान राखला होता, आणि तो मान त्याच्या पोटात चाळीस वर्षं साठत गेला होता. तेव्हा तिने फक्त उठायचं होतं. कुणी सांगितलं असतं तर ती शंभरदा उठली असती. पण सांगणार कोण? तो?

"वन्सं, रडू नका. लोक बघतायत."

"बघू देत. वहिनी, मी वर जाऊ शकत नाही, मी इथेच दिसायला हवी. तुम्ही जा. जे पुरुष दिसतील त्यांना गोळा करा आणि माझी गाडी ढकलत इथे आणा. आत्ताच्या आत्ता."

"काय सांगू त्यांना?"

"सांगा, पिसिलाला तिची गाडी धक्क्यावर हवीय. बहिणीने मागितलं की कारण विचारत नाहीत."

खरंच कुणी विचारलं नाही. तासाभराने ती हिरवी गाडी सात पुरुषांच्या मधोमध टेकाडावरून डुलत डुलत उतरली. पुढे विका, एखाद्या मिरवणुकीची मालकीण असल्यासारखी. त्या सातांपैकी निदान चौघे चार नंबरवाले असणार, असं पिसिलाला त्यांच्या चालीवरून वाटलं, कारण तिच्यासमोरून जाताना ते चौघे आभाळात काहीतरी शोधत होते. गाडी तिच्या चटईशेजारी उभी राहिली. शाळेतून सुटलेली मुलं, टॅक्सीवाले, पाद्रीबाबा, सगळ्यांनी ती पाहिली. ववाऊवर त्या दिवशी पिसिलाची गाडी कुठे आहे हे ज्याला ठाऊक नव्हतं तो एकतर आंधळा होता किंवा मेलेला.

शुक्रवारी ती साडेसातलाच येऊन बसली. टेकाडाकडे पाठ, समुद्राकडे तोंड. आठ वाजले, दहा वाजले. मासळीवाली म्हणाली, "वर बघू का गं मी तुझ्यासाठी?" पिसिला म्हणाली, "नको." बारा वाजता तिने विणलेलं उसवलं, कारण सगळं चुकलं होतं. एकदा देवाचं नाव घेऊन तिने त्याला स्पष्ट सांगितलं की माझा भाऊ मला हवा आहे, बाकी अभ्यासाचं काय करायचं ते कर.

दीड वाजता विमानतळाची व्हॅन तिच्याजवळ थांबली. मॅरिअनबाई उतरल्या आणि चटईच्या कडेला उकिडव्या बसल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"सतरा नंबर आला होता."

पिसिलाने विणणं थांबवलं नाही.

"आठला आला. चार तास लागले. आधी मोकळं केलं, मोसेसेने आणि मी. मग फुगा. तुला-मला चाळीस मिलिलिटर हवेच्या आसपास जाणवतं. त्याला दोनशे वीसपर्यंत काहीच नाही. तिथे म्हणाला, हां, काहीतरी वाटतंय, लहानपणी वाटायचं तसं." बाईंनी चटईची दुमडलेली कड सरळ केली. "आतडं विसरलंय, पण मेलेलं नाही. शिकेल परत. रोज नाश्त्यानंतर, ठरल्या वेळी, घाई न करता बसायचं. साडेसात. सहा महिने, वर्षभर, लागेल तेवढं. आणि त्या वेळी कुणी आसपास फिरकायचं नाही."

"सतरा नंबर कोण ते मला माहीत नाही," पिसिला म्हणाली.

"मला माहीत आहे की तुला माहीत नाही," मॅरिअनबाई म्हणाल्या, आणि तिला घट्ट मिठी मारून गेल्या.

त्यानंतरच्या शनिवारी म्हणे कावा प्यायला जमलेल्यांमध्ये फेलेतीने वाडगा खाली ठेवला आणि म्हणाला, "आपण सगळ्यांनी खोटं लिहिलंय. वह्या परत मागवा. आता मोसेसे वाचतो." पिसिलाला हे मोसेसेने सांगितलं, आणि तेही एवढंच. पुढचं तिने ऐकलं नाही. महिन्याभरात बारा नव्या वह्या आल्या. त्यांत काय होतं ते तिला आजही ठाऊक नाही, पण मॅरिअनबाईंचं पत्र आलं की आता अभ्यासाला अर्थ आला.

सुरणासारखी मोठाली कोनफळं निघाली तेव्हा फेलेतीने रिवाजाप्रमाणे पहिली टोपली बहिणीकडे पाठवली. विका घेऊन आली. कोनफळं काढता काढता तळाशी एक वही लागली, वर सतरा नंबर. रिवाजात हे कुठेच बसत नव्हतं. पिसिला बराच वेळ ती हातात धरून बसली. पानं जराशी फुगली होती, म्हणजे रोज लिहिलेली. तिने वहीवरून हात फिरवला, न उघडता कागदात गुंडाळली आणि मोसेसेला नेऊन दिली.

तिच्या घरापासून इस्पितळाची वाट फेलेतीच्या परसातून जाते. जास्वंदीच्या कुंपणाला लागून, त्याच्या पत्र्याच्या खोलीच्या अगदी समोरून. सव्वासातला निघालं की बरोबर साडेसातला माणूस तिथे पोचतो. तेवीस वर्षं ती त्याच वाटेने गेली होती. आता ती सातलाच निघते आणि कबरस्तानाला वळसा घालून जाते.

एकदा विकाने हटकलं. "वन्सं, एवढा फेरा कशाला?"

"डॉक्टर म्हणतात, चालणं पोटाला बरं."

"तुमच्या पोटाला काय झालंय?"

"माझ्या नव्हे," पिसिला म्हणाली, आणि दोघी एकदम दुसरीकडे बघायला लागल्या.

परवा सकाळी ती कबरस्तानाच्या वळणावर होती. वारं त्या बाजूचं होतं. जास्वंदीपलीकडून, पत्र्याखालून, खर्जातला एक आवाज आला. रविवारच्या स्तोत्राचा खालचा सूर, सावकाश, मजेत, मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून. गेल्या रविवारी तो चर्चमध्ये पुन्हा पुढच्या रांगेत उभा राहून गायला होता, पण तेव्हा मध्ये ऐंशी माणसं होती. हा एकट्याचा होता. पिसिलाचा पाय अडला. डोळे भरून आले. मग, आपण ऐकलं असं कुणाला वाटायला नको, म्हणून ती मान खाली घालून भरभर चालायला लागली.